"अ‍ॅट द एंड ऑफ माय टेदर" म्हणजे नक्की काय आणि हे आलं कुठून?
सरळ मराठीत सांगायचं तर "मेटाकुटीला आलोय", म्हणजे सहनशक्ती, ताकद, उपाय सगळं संपत आलंय, आता अजून थोडं झालं तर माझ्याच्याने होणार नाही.

टेदर म्हणजे दावं, जनावराला खुंटीला बांधायचं ते. आता डोळ्यासमोर आणा, गाय चरतेय, दाव्याच्या लांबीएवढं वर्तुळ तिचं, आतलं गवत खाऊन संपलं की ती बाहेरच्या गवताकडे मान ताणते, दावं ताठ होतं, आणि तिथून पुढे एक पाऊल पण जाता येत नाही. हाच तो टेदरचा एंड. मला तर हे चित्र फार आवडतं, कारण चिडचिड आणि हतबलता दोन्ही त्यात आहेत.

गंमत म्हणजे सुरुवातीला यात वैतागाचा अर्थ नव्हता, फक्त आवाका किंवा मर्यादा असा होता. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० च्या त्याच्या ग्रंथात म्हटलंय की माणसाच्या बुद्धीने आपलं दावं जिथपर्यंत पुरतं तिथे थांबायला शिकावं. वैतागाचा अर्थ नंतर चिकटला.

अमेरिकेत टेदरऐवजी रोप म्हणतात, अर्थ तोच. काही लोकांना रोप ऐकून फाशीचा दोर आठवतो पण तसं नाहीये, हे दावंच आहे.

आणि "लास्ट स्ट्रॉ"शी गल्लत करू नका प्लीज, ती म्हणजे उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी, म्हणजे ज्या घटनेने कडेलोट होतो ती घटना, आणि टेदर म्हणजे आपली अवस्था.