सामन्यांवरून मन उडाल्यावर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. यंदा आयपीएलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहवला नाही, घरातले सगळे टीव्हीसमोर असताना आपण उठून गॅलरीत जातो आणि रविवारी पहाटे सिंहगडाची पायवाट चढताना मात्र मन रमते, असे तू लिहिले आहेस. हा आपला तुसडेपणा तर नव्हे, अशी शंकाही विचारली आहेस. मला तो तुसडेपणा वाटत नाही. मात्र डोंगरावर गेल्यावर तू कोणत्या सवयी सोडतोस आणि कोणत्या बरोबर नेतोस, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००८ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा २०२२ पासून दहा संघांची आणि ७४ सामन्यांची झाली, आणि २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम वसूल व्हायची तर तुझ्यासारख्याने रोज संध्याकाळी साडेसातला जागेवर असलेच पाहिजे आणि आजचा सामना चुकवण्यासारखा नाही, असे त्याला रोज वाटले पाहिजे. त्यात मोठा लिलाव आला की संघ मोडून नव्याने बांधले जातात, त्यामुळे ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तो पुढच्या वर्षी समोरच्या गोटात दिसतो. लिलावाबाहेरही खेळाडू संघ बदलतात; हार्दिक पंड्याचेच पाहा. २०२२ मध्ये गुजरातला विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू २०२४ मध्ये मुंबईचा कर्णधार झाला, तेव्हा वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्याने टाकले आणि भारत सात धावांनी जिंकला, तेव्हा काही आठवड्यांपूर्वीचा तो राग कोणाला आठवतही नव्हता. यात हार्दिकचे काही चुकले नाही आणि प्रेक्षकांनाही मी फारसा दोष देणार नाही. आपले प्रेम आणि आपला राग दोन्ही दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे उठतात आणि विझतात, हे तुला जाणवले आणि त्यातला रस गेला, इतकेच घडले आहे. (खेळावर मात्र रागावू नकोस. गल्लीतल्या मुलांनी टेनिसच्या चेंडूवर खेळायला बोलावले तर जरूर जा.)

आयपीएलचे दिवस आणि सह्याद्रीतला उन्हाळा एकाच वेळी येतात, याकडे तुझे लक्ष गेले असेल. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे आणि जांभळे पिकतात, आणि अंतिम सामन्याच्या सुमारास, पहिल्या पावसाच्या आधी, राजमाची आणि भंडारदरा परिसरात काजवे चमकू लागतात. मध्यरात्रीपर्यंत सामना पाहणाऱ्याला पहाटे चारला उठून ऊन चढण्यापूर्वी डोंगर गाठणे जमत नाही, त्यामुळे हे सारे त्याच्या हातून निसटते. काजवे पाहायला गेलास तर गाडी गावातच ठेव आणि विजेरी बंद कर, कारण नर काजवा आपल्या प्रकाशाने मादीला खूण करत असतो आणि गाड्यांच्या दिव्यांत ती खूण हरवते.

आता मूळ मुद्दा. प्रेक्षकाची सवय डोंगरावरही सहज येते. जुलै २०२५ मध्ये मराठा काळातील बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. ही आनंदाची गोष्ट आहे, पण ती यादी हातात घेऊन एकामागून एक किल्ल्यावर फुली मारत सुटलेली मंडळी आता जागोजाग भेटतात. कोण किती वेळात चढला, घड्याळाने किती पावले मोजली, कोणाचे किती किल्ले झाले, असे बोलणे सुरू झाले की गुणतक्ता पुन्हा उघडलाच म्हणून समज. राज्यातील सर्वांत उंच शिखर म्हणून १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर सुटीच्या दिवशी इतकी गर्दी होते की बारी गावाकडच्या लोखंडी शिड्यांवर रांग लागते, आणि शेजारचे डोंगर मोकळे असतात. एकाच गडावर वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा जावे, असे मला वाटते. राजगडावर एकदा गुंजवण्याकडून चोरदरवाजाने चढ, एकदा पाली दरवाजाच्या रुंद वाटेने, आणि एक अख्खा दिवस केवळ संजीवनी माचीला दे. त्या माचीचे दुहेरी तट आणि त्यांतल्या वाटा समजून घ्यायला दिवस कमीच पडतो.

साहित्याच्या मोहात पडू नकोस. आमच्या पिढीने ॲक्शनच्या स्वस्त बुटांवर डोंगर पालथे घातले, आणि कातळावर ते आजही उत्तम पकडतात. पाणी तीन लिटर घे, गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नकोस. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली आरडाओरड, धूर आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. वाटाड्या गावातलाच घे आणि जेवणही गावातच सांग. कोठे जातोस आणि किती वाजता उतरणार, हे घरी एकाला तरी सांगितल्याशिवाय निघू नकोस. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, म्हणजे अरुंद घळीतून चढणारी अवघड वाट, तू विचारली आहेस. जाणत्या संस्थेबरोबर दोरावरचा सराव झाल्याशिवाय तिचे नाव काढू नकोस.

राहिले तुझे वडील. लहानपणापासून तुम्ही दोघे सामने पाहत आलात आणि आता आपण त्यांना एकटे पाडतो, असे तुला वाटते. अंतिम सामन्याला त्यांच्याशेजारी बसलास तर काही बिघडत नाही. गप्पांसाठी बसायचे, निकालासाठी नव्हे. दिवाळीनंतर त्यांना लोहगडावर घेऊन जा. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या बांधलेल्या आहेत आणि त्या वयाला झेपतात. मात्र शनिवार-रविवार टाळ. आठवड्याच्या मधली एक रजा काढ.

कळावे,
तुझा हितचिंतक