'लैंगिक निवड', 'लिंगनिवड' आणि मादीची पसंती

प्रश्न असा आहे: शाळेच्या विज्ञान-अंकासाठी प्राण्यांमधल्या 'सेक्शुअल सिलेक्शन'वर, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या निवडीवर, लेख लिहायचा आहे. 'लैंगिक निवड' हा शब्द कानाला खटकतो. त्याऐवजी 'लिंगनिवड', 'लैंगिक वरण' किंवा 'स्वयंवर निवड' चालेल का? 'फीमेल चॉइस'ला 'मादीची निवड' म्हणता येईल का? आणि 'मेटिंग'ला शाळेच्या अंकात छापता येईल असा शब्द कोणता?

'लैंगिक निवड'च ठेवा. खटकते ते 'लैंगिक' या विशेषणामुळे. वर्तमानपत्रांनी ते गुन्ह्यांच्या बातम्यांत इतके वापरले आहे की त्याचा मूळ अर्थ, म्हणजे 'नर-मादी या भेदाशी संबंधित', आता चटकन सुचत नाही. लेखात पहिल्यांदा येईल तिथे हा अर्थ एका वाक्यात सांगून टाका, पुढे त्रास होणार नाही. 'नैसर्गिक निवड' मराठीत पक्की रुळलेली असल्याने तिच्याशी जोड जुळते, हा आणखी एक फायदा.

'लिंगनिवड' मात्र अजिबात नको. तो शब्द कायद्याने अडवून ठेवला आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग चाचण्यांवर १९८८ साली कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि केंद्राच्या कायद्याच्या आजच्या नावातच 'लिंग निवडीस प्रतिबंध' हे शब्द आहेत. 'मोरांमधील लिंगनिवड' वाचणाऱ्याला मोर सोनोग्राफी करून घेतो की काय असे वाटेल. दोन शब्दांत फरक एका प्रत्ययाचा आहे, पण मुद्रितशोधनात नेमका तोच गळतो.

'लैंगिक वरण' संस्कृतच्या बाजूने निर्दोष आहे. 'वृ' म्हणजे निवडणे. त्यावरून वर, वरणे, वरमाला. पण मराठी माणसाला 'वरण' म्हटले की भात आठवतो आणि वर्गात हशा पिकतो. तो शब्द तिथेच सोडू.

'स्वयंवर' जास्त विचार करण्यासारखा आहे. डार्विनने १८५९ मध्ये ही कल्पना थोडक्यात मांडली आणि १८७१ मध्ये विस्ताराने. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या: मादीसाठी नरांची आपसातली झुंज आणि मादीने नरांमधून केलेली पसंती. आपल्या पुराणकथांतल्या स्वयंवरांचेही हेच दोन प्रकार आहेत. दमयंतीने नळाला वरले ती पसंती. सीतेच्या किंवा द्रौपदीच्या स्वयंवरात आधी अट घातलेली. धनुष्य पेलणाऱ्याला किंवा मत्स्यभेद करणाऱ्याला वधू. वर्गात समजावताना हा दाखला फार उपयोगी पडतो. संज्ञा म्हणून मात्र तो तोकडा आहे, कारण स्वयंवर एकदाच होते आणि एका वरावर संपते. एकाच हंगामात एक मोर अनेक लांडोरींशी जुगतो आणि शेजारचा मोर एकीशीही नाही. या विषमतेचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे. 'स्वयंवर' म्हटल्यावर हे साचणे दिसत नाही.

आता 'निवड'कडे वळू. 'निवडणे' या क्रियापदाला मराठीत दोन चाली आहेत. तांदूळ निवडायला बसलेला माणूस तांदूळ उचलत नाही, खडे उचलतो. ताटात उरते ते निवडलेले. साडी निवडणारा मात्र ढिगातून हवी ती उचलतो. नैसर्गिक निवड बरीचशी पहिल्या चालीची: जे तगत नाही ते गळते. लैंगिक निवडीतला पसंतीचा भाग दुसऱ्या चालीचा. यात हरलेला नर मरत नाही, त्याला पिल्ले कमी होतात किंवा होत नाहीत, हे डार्विनने पहिल्याच मांडणीत सांगितले होते. म्हणून 'बळी तो कान पिळी' ही म्हण इथे लावू नका. दीड मीटरचा पिसारा ओढत फिरणारा मोर काही बळी नव्हे.

'मादीची निवड' या शब्दप्रयोगात व्याकरणाचा खड्डा आहे. षष्ठी इथे दोन्हीकडे झुकते. 'मुख्यमंत्र्यांची निवड' म्हणजे मुख्यमंत्री निवडले गेले; 'परीक्षकांची निवड अचूक ठरली' म्हणजे परीक्षकांनी निवडले, किंवा परीक्षक निवडले गेले, संदर्भ पाहून ठरवा. 'मादीची निवड' वाचून निम्मे वाचक नराने मादी निवडली असे समजतील, म्हणजे नेमके उलटे. 'पसंती'ला हा दोष सहसा नाही. 'आईची पसंती' म्हणजे आईला पसंत पडले ते. आई कुणाला पसंत पडली असा अर्थ कुणी काढत नाही. तेव्हा 'मादीची पसंती' लिहा, आणि जिथे 'निवड' हवीच तिथे 'मादीने केलेली निवड'. याच कारणाने 'जोडीदाराची पसंती' टाळा. तिथे पसंती कुणाची हे पुन्हा धूसर होते.

'पसंती' लिहिताना ती कशाला हे ठोकून सांगायची घाई नको. अंडेर्सन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये छापलेला केनियातला प्रयोग इथे नमुना म्हणून घ्या. लांब शेपटीच्या विडोबर्ड पक्ष्याच्या नराची शेपटी सुमारे अर्धा मीटर असते. काही नरांच्या शेपट्या कापून १४ सेंटीमीटरच्या आसपास ठेवल्या, कापलेले तुकडे दुसऱ्या नरांना चिकटवून त्यांच्या शेपट्या सुमारे २५ सेंटीमीटरने वाढवल्या. काहींच्या नुसत्या कापून पुन्हा तशाच चिकटवल्या, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचाच परिणाम आहे का ते कळावे. मग प्रत्येकाच्या हद्दीत नवी घरटी किती झाली ते मोजले. वाढीव शेपटीवाल्यांकडे सर्वांत जास्त. इथे 'लांब शेपटीला मादीची पसंती' असे निःशंक लिहिता येते. मोराचे प्रकरण इतके सरळ नाही. इंग्लंडमधल्या १९९१ च्या अभ्यासात पिसाऱ्यावरचे डोळे जास्त तर समागम जास्त असे दिसले. जपानमध्ये सात वर्षे पाहून २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही. तेव्हा 'लांडोर सर्वांत सुंदर मोर निवडते' हे वाक्य कापा.

मोराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मराठीच्या बाजूची. इंग्रजीत सर्रास मोराची 'टेल' म्हणतात आणि अनुवादक 'शेपटी' लिहून मोकळा होतो. पिसारा ही शेपटी नाहीच. शेपटीच्या बुडावरची आच्छादन-पिसे बेसुमार वाढून पिसारा होतो. खरी शेपटी त्याच्यामागे आखूड, ताठ, तपकिरी पिसांची असते आणि फुललेल्या पिसाऱ्याला मागून टेकू देते. पावसाळा सरला की पिसारा झडतो, शेपटी राहते. आपला 'पिसारा' हा शब्द इथे इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे, तो सोडू नका. आणि 'लांडोर' या शब्दात 'लांडा' स्पष्ट ऐकू येतो: नर-मादीतला ठळक फरक, ज्याला पुस्तकात 'लैंगिक द्विरूपता' म्हणतात, तो नावातच आहे.

सगळीकडे मराठी इतकी चोख नाही. व्याकरणातले लिंग इथे वारंवार फसवते. सुगरण स्त्रीलिंगी, म्हणून घरटे 'ती' विणते असे लिहिले जाते. विणतो नर. गवताच्या, भाताच्या किंवा ताडाच्या पानांच्या २० ते ६० सेंटीमीटर लांब पट्ट्या फाडून आणतो, एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा घालतो. साधारण आठ दिवसांत, मध्ये आडवी पट्टी असलेले हेल्मेटसारखे अर्धे घरटे तयार होते. तिथे तो थांबतो, घरट्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो, आणि माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडले तरच पुढे नळीसकट पूर्ण. एकूण सुमारे अठरा दिवस. नापसंत अर्धी घरटी तशीच लोंबत राहतात. म्हणून 'सुगरण पक्ष्याचा नर' असे लिहा आणि क्रियापद पुल्लिंगी ठेवा. कोकिळेचेही तेच: 'कुहू' हे काळ्याभोर नराचे गाणे, मादी ठिपकेदार तपकिरी आणि तिचा आवाज नुसता किक-किक-किक. गायिकेला 'कोकिळाकंठी' म्हणायला हरकत नाही, फक्त विज्ञानाच्या लेखात नको.

सर्वांत मोठी फसगत धामणीची. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहतात, लोक मोबाइलवर टिपतात, खाली मथळा येतो 'नाग-धामणीचे मीलन'. धामण ही नागाची मादी, ही समजूत जुनी आहे. प्रत्यक्षात धामण ही वेगळी, बिनविषारी जात आहे आणि पीळ घालणारे ते दोघे बहुधा नर असतात. प्रत्येक जण दुसऱ्याचे डोके खाली दाबू पाहतो, चावत नाही. ज्याचे डोके खाली जाते तो निघून जातो. ही झुंज. खरा समागम जमिनीलगत, शेपट्या एकमेकींत गुंतवून, बराच वेळ आणि फारसा गाजावाजा न करता चालतो. ओळखायची खूण सोपी: डोकी वर उचलून रेटारेटी असेल तर 'झुंज' लिहा.

'मेटिंग'ला एक शब्द शोधू नका, कारण त्या इंग्रजी शब्दात तीन-चार क्रिया कोंबलेल्या आहेत. जोडी जमणे वेगळे, समागम वेगळा. 'समागम' किंवा 'मीलन' शाळेच्या अंकाला चालतात. 'जुगणे' हा पशुपक्ष्यांसाठी अस्सल मराठी शब्द आहे आणि त्याची लाज वाटायचे कारण नाही. बेडकांना मात्र 'समागम' लागू पडत नाही. पहिल्या पावसात पिवळेधमक झालेले नर डराव-डराव करतात, मादीला पाठीवरून घट्ट धरतात, पण अंडी फळतात ती बाहेर पाण्यात. तिथे 'मिठी' हा साधा शब्द नेमका बसतो.

'विणीचा हंगाम' पक्ष्यांना ठीक. वीण म्हणजे विणे, व्यायणे. पक्ष्यांत जोडी आणि अंडी यांत अंतर थोडे असते. सांबराला तो शब्द लावला की महिना चुकतो. गर्भ सुमारे आठ महिने असल्याने नरांच्या झुंजी थंडीत आणि पाडसे पावसाळ्याच्या सुमाराला. तिथे 'जोडीचा हंगाम' म्हणा. 'माजावर आलेला नर' हेही नको. माज गाई-म्हशीला येतो. गोठ्यातली भाषा या बाबतीत किती बारीक आहे पाहा: गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, काचेसारखा सोट (चिकट स्राव) टाकते, माज १२ ते १८ तास टिकतो, म्हणून सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवतात, म्हणजे रेतन करवतात. म्हशीत खुणा पुसट असल्या तर तो 'मुका माज', आणि पुन्हा तीन आठवड्यांनी माज दिसला तर गाय 'उलटली', म्हणजे गाभ राहिली नाही. हत्तीच्या नराला येते ती मस्ती किंवा मद. 'माज' आणि 'मस्ती' दोन्हींचा बोलीतला अर्थ उर्मटपणाकडे गेला ही गंमत वेगळी.

'कोर्टशिप डिस्प्ले'ला 'प्रियाराधन' रुळलेला आहे, पण आठ पायांच्या कोळ्याच्या नराला लावताना जरा जड होतो. नाम टाळून क्रियापद वापरा: नर मिरवतो. 'प्रदर्शन' म्हटले की तिकीटखिडकी डोळ्यांपुढे येते, 'मिरवणे' थेट पोचते. वाक्यरचनेत 'साठी'वरही लक्ष ठेवा. 'मोराने लांडोरीला आकर्षित करण्यासाठी पिसारा विकसित केला' या वाक्यात मोराला हेतू चिकटला. 'ज्या मोरांकडे लांडोरी अधिक वळल्या त्यांची पिल्ले अधिक झाली, आणि पिसारा पुढच्या पिढ्यांत वाढत गेला' असे लिहिले की हेतू गळतो आणि घडणे उरते.

दोन सिद्धान्तांची नावे लागतील. इस्रायली जीवशास्त्रज्ञ झहावीच्या १९७५ च्या 'हँडिकॅप'चे 'अपंगत्व तत्त्व' असे भाषांतर नको. म्हणणे असे की जड अलंकार बाळगूनही जो नर तगतो तो खरोखर दमदार असणार. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात ते लोढणे इथे चपखल आहे: 'लोढण्याचे तत्त्व'. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या 'रनअवे'ला 'उधळती निवड' म्हणा. पसंती आणि पिसारा एकमेकांना पुढे ढकलतात आणि बैल उधळावा तसे ते थांबत नाहीत, जोवर जगण्याची किंमत फार वाढत नाही. आणि सगळे उदाहरण नराचेच देऊ नका. कमळपक्ष्यात मादी मोठी, तीच हद्दीसाठी भांडते, अंडी नर उबवतो. रंगीत पाणलाव्यात भडक रंग मादीचे.

राहिला 'लेक'. नर एकत्र जमून मिरवतात आणि माद्या फक्त जुगायला तिथे येतात, अशा जागेचे हे स्वीडिश वळणाचे नाव. देवनागरीत ते लिहूच नका. 'वेळावदरच्या (गुजरातमधल्या अभयारण्यातल्या) काळविटांची लेक' म्हटले की वाचक तिचे लग्न कधी आहे ते विचारेल. 'आखाडा' लिहा, तिथे झुंजही होते आणि पाहणारेही असतात.