गाडीच्या रिमोट चावीची रेंज कमी झाली आहे. तार जोडून वाढवता येईल का?

तुमचा प्रश्न असा: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहता, गाडी खाली पार्किंगमध्ये असते. नवी होती तेव्हा बाल्कनीतून लॉक व्हायची, आता चार वर्षांनी दहा पावलांवर जाऊन बटण दाबावं लागतं. रिमोटला तार सोल्डर करून रेंज वाढवल्याचे व्हिडिओ पाहिलेत, तसं करावं का?

तार जोडू नका, कारण खाली सांगतो. जी रेंज आधी होती ती नेमकी कुठे गळतेय ते शोधा. बहुतेक वेळा शंभर रुपयांच्या आत काम होतं.

सुरुवात दुसऱ्या चावीपासून. गाडी एखाद्या मोकळ्या मैदानाशेजारी उभी करा, जिथे आजूबाजूला गाड्यांची दाटी नाही. एका चावीने पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी किती पावलांवरून लॉक होतं ते मोजा. एका ठिकाणाहून दहा वेळा दाबून आठ वेळा तरी चाललं तर ते अंतर धरा, एकदा लागलेला नेम मोजू नका. मग तेच दुसऱ्या चावीने. दुसरी चांगली आणि पहिली वाईट निघाली तर दोष चावीत. दोन्ही सारख्याच वाईट असतील तर गाडीत किंवा जागेत. फक्त एक लक्षात ठेवा: पुश-बटण स्टार्टची स्मार्ट चावी कपाटात नुसती पडून असली तरी गाडीचा इशारा ऐकण्यासाठी सतत थोडा करंट खाते. म्हणजे 'वापरलीच नाही' म्हणून तिचा सेल ताजा असेल असं नाही. चाचणीआधी निदान एका चावीत नवा सेल टाका.

सेलवर जो आकडा असेल तोच सेल घ्यायचा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. सीआर २०२५ ची जाडी २.५ मिमी. दोघांचा व्होल्टेज तीनच, त्यामुळे दुकानदार 'चालतो हो' म्हणून हातात ठेवतो, पण ०.७ मिमीच्या फरकाने सेलला टेकणारी धातूची पत्री नीट दाबली जात नाही आणि चावी खिशात हलली की संपर्क तुटतो. एलआयआर २०३२ हा दिसायला तसाच पण रिचार्जेबल सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तो रिमोटमध्ये अजिबात टाकू नका. सुटे, डब्यात एकमेकांवर घासत पडलेले सेल घेऊ नका. बंद पाकिटातला, तारीख छापलेला घ्या. मुलं तोंडात घालू नयेत म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. तो लेप कधीकधी संपर्कातच आडवा येतो, तेव्हा नवा सेल टाकूनही फरक पडला नाही तर त्याच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहा.

सेल चांगला की वाईट हे मल्टिमीटरने नुसतं मोजून कळत नाही, इथेच बरेच जण फसतात. नवा सेल मोकळा मोजला तर ३.२ च्या आसपास दाखवतो, थकलेलाही २.९ ते ३ दाखवू शकतो. पण बटण दाबलं की रिमोटला क्षणभर दहा-पंधरा मिलिअँपिअर लागतात आणि जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने त्याचा व्होल्टेज तिथेच कोसळतो. म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना दोन सेकंद लावून, म्हणजे साधारण १३ ते १४ मिलिअँपिअर ओढून, मग मोजा. २०३२ आकाराचा चांगला सेल २.८ च्या आसपास किंवा वर टिकतो. २.५ च्या खाली घसरला तर कचऱ्यात. १६१६ किंवा १६२० सारखे लहान सेल चांगले असले तरी थोडे जास्त घसरतात, त्यांना थोडी सूट द्या. रिमोटवरचा लाल दिवा लागतो म्हणून सेल ठीक, हेही खरं नाही. दिवा लागायला फार काही लागत नाही.

बदलताना: घडीच्या चावीच्या कडेला खाच असते, तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर किंवा नाणं घालून फिरवायचं. स्मार्ट चावीत आधी आतली यांत्रिक चावी ओढून काढा, खाच तिच्या मागे असते. सेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, अधिक चिन्ह वर होतं की खाली ते नंतर आठवत नाही. सेल कडेने धरा, बोटांचा तेलकटपणा सपाट बाजूंना लागू देऊ नका आणि धातूच्या चिमट्याने तर पकडूच नका, दोन्ही बाजू जोडल्या जाऊन सेल शॉर्ट होतो. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाका. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

उघडलीच आहे तर पत्र्या नीट पाहा. ठाणे खाडीचा दमटपणा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. थर घट्ट असेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच घासा, सॅण्डपेपर नको, वरचा मुलामा जातो. पत्री दबून सपाट झाली असेल तर नखाने अर्धा मिलिमीटर वर उचला, जास्त नाही. अल्कोहोल पूर्ण उडू द्या, मग सेल टाका. चावी पावसात भिजली असेल तर आधी सेल काढायचा आणि उघडी ठेवून एक-दोन दिवस वाळवायची. तांदळाच्या डब्याने पावडर आणि खडे आत जाण्यापलीकडे काही होत नाही.

यानंतरही तीच चावी कमी पडत असेल तर बाहेरून पाहा. झिंकच्या मिश्रधातूची, 'प्रीमियम' म्हणून मिळणारी कव्हरं मला चावीची सर्वांत मोठी शत्रू वाटतात. चावीचा अँटेना म्हणजे सर्किटवर छापलेली तांब्याची एक वळी. तिच्याभोवती धातूचं कवच बसवलं की अर्धीअधिक लहर तिथेच विझते. कव्हर काढून तीच चाचणी पुन्हा करा. सिलिकॉनचं कव्हर चालतं. घरच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच रिंगमध्ये असेल तर दाबताना तो चावीवर येऊ देऊ नका, आणि चावी मुठीत न झाकता एका टोकाला धरा. चावी जोरात आपटल्यापासून रेंज गेली असेल तर वारंवारिता ठरवणारा आतला क्रिस्टल किंवा रेझोनेटर चिरला असण्याची शक्यता आहे. तो घरी दुरुस्त करण्याचा विषय नाही.

कवच तुटलंय म्हणून नवं कवच घेणार असाल तर एक सूचना. जुन्या कवचाच्या पोटात बऱ्याचदा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काळी किंवा काचेची चिप असते. ती इमोबिलायझरची, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. तिला सेल लागत नाही, रिमोटच्या सर्किटशी तिचा संबंध नसतो, म्हणून ती जुन्या कवचासोबत सहज फेकली जाते. मग दरवाजे झकास उघडतात आणि गाडी सुरू होत नाही.

आता दोन्ही चाव्या सारख्याच वाईट निघाल्या तर. माझा पहिला संशय डॅशकॅमवर. सिगारेट सॉकेटमधला स्वस्त यूएसबी चार्जर किंवा पार्किंग मोडसाठी थेट फ्यूजबॉक्सला जोडलेला कन्व्हर्टर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना सतत रेडिओ गोंगाट करतो. गाडीचा रिसीव्हर एका व्होल्टच्या काही दशलक्षांशाइतका क्षीण संकेत ऐकत असतो. शेजारी बँड वाजत असताना कोणी कानात कुजबुजावं, तशी त्याची गत होते. काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही सॉकेट चालू राहतो, त्यामुळे गाडी लॉक केल्यावरही गोंगाट थांबत नाही. उपाय सोपा: चार्जर, डॅशकॅम, एअर प्युरिफायर, जे काही बाहेरून बसवलंय ते सगळं उपटा, गाडी लॉक करून दहा मिनिटं थांबा, मग पावलं मोजा. रेंज परत आली तर एकेक वस्तू पुन्हा लावत जा, गुन्हेगार सापडेल. चार्जर बदला, किंवा डॅशकॅमची वायर डॅशबोर्डाखालच्या कंट्रोल युनिटपासून लांबून घ्या.

रिमोट कंपनीचा नसून बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगचा असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण इथे तारेचा उपाय खरोखर लागू पडतो, फक्त चावीकडे नाही, गाडीकडे. त्या युनिटमधून एक बारीक सुटी वायर बाहेर येते, ती अँटेना. बसवणारा घाईत ती गुंडाळून हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याला, टेपने बांधून टाकतो. ती सोडवा, सरळ करा आणि पत्र्यापासून, एसीच्या पाइपापासून दूर, काचेच्या दिशेने वर न्या. लांबी वाढवू नका. ४३३.९२ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर आणि तिचा चौथा भाग १७.३, तार बहुधा तेवढीच ठेवलेली असते. काचेच्या बाजूच्या खांबाच्या कव्हरमध्ये मात्र ती घुसवू नका, अनेक गाड्यांत तिथून पडदा एअरबॅग उघडते.

काचांवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर तीही लहर अडवते. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जायला हवा असा नियम आहेच, पण फिल्म त्यात बसली तरी ती धातूची आहे का हे वेगळं विचारा. 'सिरॅमिक' प्रकारात हा त्रास सहसा नसतो.

आणि जागा. तुमच्या बाबतीत मला हेच आधी विचारावंसं वाटतं: गेल्या दोन-तीन वर्षांत सोसायटीने पार्किंगवर पत्र्याची शेड टाकली का? टाकली असेल तर बाल्कनी आणि गाडी यांच्यात धातूचं छप्पर आहे, नवा सेल काही करणार नाही. बाल्कनीला बॉक्स ग्रिल बसवलं असेल तर हात ग्रिलच्या बाहेर काढून दाबा. गजांमधली फट लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असते, त्यामुळे ग्रिल अर्धवट जाळीसारखं काम करतं. (चावी घट्ट धरा, तिसरा मजला आहे.) गेटवरच्या बूम बॅरिअरचे रिमोट, वायरलेस डोअरबेल, टायरच्या दाबाचे सेन्सर, सगळे बहुधा याच ४३३ च्या पट्ट्यात बोलतात. एखाद्या शेजाऱ्याच्या बेलचं बटण अडकून सतत दाबलेलं राहिलं तर अख्ख्या विंगच्या चाव्या लंगड्या होतात. मैदानात रेंज उत्तम आणि सोसायटीत वाईट, असं निघालं तर शेजाऱ्यांना विचारा. त्यांचीही तक्रार असेल तर गाडीवर खर्च करू नका.

आता ती तार. चावीतली वळी आणि तिच्याजवळचे कपॅसिटर एकमेकांशी जुळवलेले असतात. तिला तार डकवली की ती जुळणी बिघडते आणि अनेकदा रेंज आणखी घटते. समजा जमलंच आणि ताकद दुप्पट झाली, तरी जमिनीलगत गाड्यांच्या गर्दीत संकेत साधारण अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. म्हणजे दहा पावलांची बाराच होतात. रेंज दुप्पट करायला ताकद सोळापट लागेल. या पट्ट्यात परवान्याशिवाय वापरायची मुभा फक्त कमी ताकदीच्या उपकरणांना आहे, तेव्हा तो मार्ग कायद्यानेही बंद. फुकटातली युक्ती हवी तर चावी डोक्याच्या उंचीवर, हनुवटीला टेकवून दाबा. हसू येईल, पण चालते: डोक्यातलं पाणी लहरीला जोड देतं. पाण्याने भरलेल्या मोठ्या बाटलीला टेकवूनही तोच परिणाम मिळतो.

हँडलला हात लावताच उघडणारं कीलेस हा वेगळा प्रकार आहे. त्यात गाडी १२५ किंवा १३४ किलोहर्ट्‌झवर चावीला हाक मारते, आणि ती हाक जाणीवपूर्वक मीटरभराच्या आतच ठेवलेली असते. ती लांबवणं म्हणजे चोर जे यंत्र लावून करतात तेच.

बाल्कनीतूनच लॉक करायचं असेल आणि तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीचं कनेक्टेड ॲप असेल तर ते वापरा. ते मोबाइल नेटवर्कवरून चालतं, अंतराचा प्रश्नच नाही. बेसमेंटमध्ये नेटवर्क नसेल तर मात्र तेही गप्प. कशानेही लॉक करा, इंडिकेटर चमकले का हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत जाऊ नका.

एवढं करूनही एकच चावी वाईट राहिली तर नवी चावी घेणं बरं. प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. काही गाड्यांत नवी चावी शिकवायला सुरुवात केली की जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि ज्या त्या वेळी समोर असतील त्याच पुन्हा नोंदवल्या जातात. कपाटात राहिलेली चावी मग फक्त दरवाजाच्या कुलपापुरती उरते.