कोंबडी-वडे आणि सुरमईच्या जेवणाला कोणती वाईन ठेवावी?

तुमचा मेनू वाचूनच भूक लागली. ३१ डिसेंबरच्या रात्री मालवणच्या घरी बारा माणसं, तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कोंबडी-वडे, शेवटी सोलकढी-भात. आणि ‘माशाला पांढरी, चिकन-मटणाला लाल’ हा नियम इथे चालतो का, असं तुम्ही विचारताय. (३१ तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार नाही ना, तेवढं आधी कालनिर्णयात बघून घ्या.)

नियम अर्धाच चालतो. तो झाला युरोपात, तिथे माशावर फार तर लिंबू पिळतात. आपल्याकडे वाईनची गाठ पडते ती वाटणाशी, मिरचीशी आणि कोकमाशी. त्यामुळे बाटली रस्सा बघून निवडायची.

सुरमईचं सोपं आहे. रवा लावून तळलेल्या तुकडीला आंबट आणि थंडगार काहीतरी लागतं. नाशिककडची सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन घ्या. फेसाळ ब्रूट (म्हणजे गोड नसलेली) मिळाली तर आणखी छान, पाहुणे आल्या आल्या हातात द्यायलाही बरी पडते. तिसऱ्यांनाही हीच चालेल. इथे लाल मात्र नकोच. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये सुकवलेल्या शिंपल्यांचं मांस वेगवेगळ्या वाईनमध्ये बुडवून पाहिलं, तेव्हा वशट वास वाईनमधल्या लोहामुळे येतो असं दिसलं. लाल वाईनमध्ये लोह बहुधा जास्त असतं.

खरी परीक्षा कोंबडी-वड्यांची. भाजलेलं खोबरं, मालवणी मसाला, वर तेलाचा तवंग. तिखटावर अल्कोहोल पडलं की तोंडातली आग वाढते आणि लाल वाईनचा तुरटपणा तिला हातभार लावतो. म्हणून लाकडी पिंपात मुरवलेली, १४ टक्के अल्कोहोलची भारी लाल कॅबर्नेट आणलीत तर पैसेही वाया आणि रस्साही. त्यापेक्षा किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी ठेवा. त्या गोडव्याने मिरचीची धार कमी होते. मला स्वतःला इथे रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, आवडते. वड्याच्या पिठात मेथी असते, आणि मेथीचा कडवटपणा आणि लाल वाईनचा तुरटपणा एकत्र आले की घसा कोरडा पडतो. रोझेत ती भानगड नाही. ‘लाल नाही तर वाईन कसली’ म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी अकलूजच्या फ्रातेल्ली वाईनरीची लाल सांजोवेझे आणा, आंबटपणा चांगला आहे, रश्श्यापुढे टिकते.

सोलकढी आली की ग्लास उचलून ठेवायचे. कोकम आणि लसणीपुढे कुठलीच वाईन उभी राहत नाही, आणि राहावी असा हट्टही नको.

आता थंड करण्याचं. लाल वाईन ‘रूम टेंपरेचरला’ द्या असं सांगतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे डिसेंबरातही बाटली उकडलेली असते, म्हणून लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी आणि रोझे ८ ते १० अंशांवर हवी. फ्रिज त्या दिवशी मासळी आणि वाटणाच्या डब्यांनी भरलेला असणार. मग सरळ मोठी बादली घ्या, अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवाच राहते, पाणी सगळीकडून भिडतं. बंदरावरून मासळीसाठी आणलेला बर्फ बादलीत चालेल, ग्लासात टाकू नका!

एका ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात. बारांपैकी आठ जण घेणार असतील तर दोन ब्रूट किंवा सोव्हिन्यों, दोन शेनिन किंवा रोझे आणि काकांची एक लाल पुरे. जेवणानंतर खापरोळ्या करणार असाल तर लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) शेनिनची छोटी बाटली घ्या. गोडाबरोबरची वाईन त्या पदार्थाइतकी तरी गोड हवी, नाहीतर नारळाच्या रसापुढे ती आंबट लागते.

आणि गोवा जवळ आहे, स्वस्त पडेल म्हणून तिकडून डिकी भरून आणायचा बेत असेल तर सोडून द्या. महाराष्ट्राचं शुल्क न भरलेल्या बाटल्या परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर वर्षअखेरीला गाड्या हमखास तपासतात. कुडाळ किंवा कणकवलीच्या दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा, शेनिन आणि रोझे बहुतेक मागवूनच घ्यावी लागेल.