शिगम्याच्या व्हिडिओतून फोटो काढताना

अरे, शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, व्हिडिओतून फोटो हवेत ना, मग स्क्रीनशॉट मारत बसू नको, काही प्लेअरमध्ये नुसता काळा चौकोन येतो नायतर खालची पट्टी पण फोटोत येते. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाक, फुकट आहे. रोमटामेळाचा, म्हणजे ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीचा, हवा तो क्षण आला की पॉज कर, मग ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा, आणि ढोलवाल्याचा हात जिथे स्थिर दिसेल तिथे शिफ्ट आणि एस एकदम दाब, विंडोजवर फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये जाऊन बसतो. रात्रीची मिरवणूक असेल तर बऱ्याच फ्रेम हललेल्याच मिळणार, त्याला कुठलंच सॉफ्टवेअर काय करणार! आणि फुल एचडीची फ्रेम म्हणजे १९२० बाय १०८०, जेमतेम २ मेगापिक्सेल, तेव्हा पोस्टकार्डाएवढी प्रिंट ठीक, फोंड्यातल्या स्टेजमागच्या बॅनरला नको.

आता व्हिडिओ अडकत अडकत चालतो त्याचं. पेनड्राइव्हवरून चालवतोयस का? आधी कॉम्प्युटरवर कॉपी कर. तरी अडकला तर फोनने एच २६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) शूट केलेलं असेल, जुन्या मशीनला ते झेपत नाही, हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरने एच २६४, म्हणजे जुन्या पद्धतीत, करून घे. हिरवे-गुलाबी पट्टे आले तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं) बंद करून बघ. कोडेक पॅक (व्हिडिओ चालवायला वेगळा टाकायचा फाइलींचा गठ्ठा) मात्र कुठूनही उचलून टाकू नको रे.