वाचकांचे प्रश्न: बंदुकीला कॅमो हवा का तोंडाला?

एप्रिल जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचे टर्कीच्या (कोंबडीच्या जातीतल्या मोठ्या रानपक्ष्याच्या) शिकारीबद्दलचे प्रश्न सुरू होतात. यावेळी कॅमोवाल्या, म्हणजे पानापाचोळ्यात लपेल अशी नक्षी असलेल्या, शॉटगनबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून त्याच प्रश्नावर जास्त लिहितो, बाकीचे थोडक्यात उरकतो.

प्रश्न: काका नमस्कार, मी मिसुरीत राहतो. ऑफिसमधला एक मित्र गेली दोन वर्षं मागे लागलाय की स्प्रिंग टर्कीला (वसंतातल्या शिकारीला) चल, यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. आता बंदूक घ्यायचीय. दुकानात एकच मॉडेल दोन प्रकारात आहे, साधी मॅट काळी आणि अख्खी कॅमो केलेली, कॅमोवाली दीडशे डॉलर महाग. दुकानदार म्हणतो टर्कीची नजर इतकी तेज असते की काळी बंदूक लांबून दिसते. मित्र म्हणतो पैसे वाया घालवू नको. कोणाचं ऐकू? (एक वाचक, कोलंबिया, मिसुरी)

मित्राचं ऐका. पण दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये, अर्धं खरं सांगतोय, तर ते अर्धं आधी बघू.

टर्कीची नजर खरंच भयंकर आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, तिच्या डोळ्यात चार, त्यामुळे आपल्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेटचा काही भागसुद्धा तिला दिसतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न हलवता तिला साधारण 270 अंश दिसतं, जरा मान वळवली की मागचंही आलंच. नाक मात्र तिचं कामाचं नाही. हरणासाठी वारा कुठून येतोय ते बघत बसावं लागतं, टर्कीला तुमच्या डिओचं काही पडलेलं नसतं, तिला फक्त तुम्ही दिसता कामा नये.

मग लोकांना वाटतं की एवढी नजर असेल तर रंग लपवला पाहिजे. इथेच गल्लत होते कारण ती घाबरते ते हालचालीला आणि चमकेला, रंगाचा नंबर त्यानंतर. जंगलात काळपट, ओला, सरळ असा दांडा काही नवीन नाही, शेकडो पडलेले असतात, पण दांडा हलत नाही आणि दांड्यावर ऊन चकाकत नाही. तुमची मॅट काळी नळी गुडघ्यावर गप पडून राहिली तर तिच्या दृष्टीने ती फांदीच. तीच नळी, कॅमो असो नाहीतर सोन्याचा मुलामा दिलेली असो, पक्षी समोर असताना मांडीवरून खांद्याला न्यायला गेलात की संपलं. 26-28 इंची नळी आहे, तुमचा हात चार इंच हलला तरी पुढचं टोक फूटभर फिरतं. टर्कीचा नर "पट्ट" असा एकच आवाज काढतो, धोक्याची सूचना असते ती, आणि नंतर तुम्हाला फक्त झुडूप हललेलं दिसतं.

आता हे सगळं कॅमोचं प्रकरण आलं कुठून तेही सांगतो. शिकारीच्या कॅमो कपड्यातले दोन सगळ्यात मोठे ब्रँड, मॉसी ओक आणि रियलट्री, दोन्ही 1986 सालचे, एक मिसिसिपीतला आणि एक जॉर्जियातला. मॉसी ओकवाल्याची गोष्ट तर प्रसिद्ध आहे, त्याने जंगलातली मूठभर माती, पानं, काड्या उचलल्या आणि कापडाच्या गिरणीत नेऊन दाखवल्या की मला असं कापड पाहिजे. त्याच्या आधीचे शिकारी काय घालायचे? सैन्याच्या स्टॉकमधले जुने कपडे, नाहीतर सरळ खाकी-तपकिरी शर्ट. आणि बंदूक आजोबांची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि निळसर पॉलिश केलेली नळी. त्यांनी टर्की मारल्या नाहीत का? भरपूर मारल्या. कपड्याचं डिझाईन विकलं गेलं की तेच बंदुकीवर, टोपीवर, खुर्चीवर, कॉफीच्या मगवर येणारच, तो धंदा आहे, त्यात राग येण्यासारखं काही नाही, पण आपण कशासाठी पैसे देतोय ते माहीत असावं.

जुन्या बंदुकीचा खरा प्रॉब्लेम होता पॉलिश. चकचकीत नळीवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की आरसा दाखवल्यासारखं होतं. तुमची नवीन बंदूक मॅट आहे म्हणजे तो प्रॉब्लेम कारखान्यातच सुटलाय. ज्यांच्याकडे जुनी चकचकीत बंदूक आहे त्यांनीही नवीन घेऊ नका, कॅमोची कापडी पट्टी मिळते, स्वतःलाच चिकटणारी, बंदुकीला गोंद लागत नाही, ती गुंडाळा. काडतूस बाहेर पडायची खिडकी आणि सेफ्टीचं बटण मोकळं ठेवा. आणि सीझन संपला की काढा हं, माझ्या एका बंदुकीवर ती वर्षभर तशीच राहिली, खाली पाणी धरलं आणि काढली तर नळीवर गंजाचे ठिपके, तो आळस मला अजून दिसतो बंदूक पुसताना.

कॅमो फिनिशचा एक फायदा मात्र मी मान्य करतो. ते पाण्यात सोडलेल्या फिल्मवरून बंदुकीवर चढवतात, त्यामुळे धातूवर एक थर बसतो, आणि एप्रिलमधली दवाने भिजलेली पहाट, मधेच पाऊस, यात गंज कमी धरतो. तोटा पण ऐका. एकदा मी मारलेला पक्षी उचलायला धावलो (धावू नये, पण पहिली काही वर्षं सगळेच धावतात), बंदूक रिकामी करून झाडाशी पाचोळ्यावर ठेवली, परत येऊन बघतो तर बंदूक नाही. वीस मिनिटं शोधली, शेवटी पायालाच लागली. टर्कीपासून लपली का माहीत नाही, माझ्यापासून शंभर टक्के लपली. आणि डिझाईन तरी कुठे जुळतं, मिसुरीत सीझन एप्रिलच्या मध्यात सुरू होतो तेव्हा जंगल बरंचसं तपकिरी असतं आणि मे उजाडेपर्यंत हिरवंगार, तुम्ही कुठली बंदूक घेणार, दोन घेणार का?

त्यापेक्षा लपवायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. तोंड आणि हात. आपल्याकडे म्हणतात ना मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं हे लोक हजार डॉलरची कॅमो बंदूक घेऊन तोंड न झाकता बसतात. घाम आलेलं कपाळ बंदुकीपेक्षा जास्त चमकतं. पातळ जाळीचा मास्क आणि हातमोजे घ्या, वीस-पंचवीस डॉलरचं काम आहे. घड्याळ काढा. चष्मा असेल तर टोपीची चोच खाली ओढा. आणि पाठीमागे खांद्यापेक्षा रुंद बुंधा असलेलं झाड बघून बसा, म्हणजे तुमच्या शरीराची कड मोडते आणि मागून कोणी आलं तर आडोसाही होतो.

बसायची पण एक रीत आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. तुम्ही उजव्या हाताचे असाल तर डावा खांदा पक्ष्याच्या दिशेला करून बसा, समोरासमोर नको. बसल्या जागी उजव्या हाताचा माणूस डावीकडे खूप वळू शकतो, उजवीकडे जेमतेम. डावा गुडघा वर, त्यावर बंदूक, दस्ता आधीच खांद्याजवळ. मग पक्षी आला की चार इंचच हलायचं आणि तेही तो झाडामागे गेला की, किंवा पिसारा फुलवून त्याची पाठ आपल्याकडे झाली की. जुन्या काळी आपल्याकडे पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून सावज गाठायचे असं सांगतात, बैलाचा रंग कुठे गवतासारखा होता, पण बैल बैलासारखा चालायचा म्हणून चाललं.

उरलेल्या दीडशे डॉलरचं काय करायचं तेही सांगतो. चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी बसवतात तो भाग) आणि काडतुसं घ्या आणि रेंजवर जाऊन कागदावर मारून बघा. टर्कीचं डोकं आणि मान, एवढंच लक्ष्य असतं, अंगावर मारलं तर पक्षी जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी झुडपात मरतो, ते पाप घेऊ नका. 40 यार्डावर दहा इंचाच्या गोलात शंभरेक छर्रे बसले पाहिजेत असा जुना हिशोब आहे. तुमच्या बंदुकीचे 30 वरच विरळ पडत असतील तर तुमची हद्द 30, संपला विषय. आजकाल टंगस्टनचे छर्रे निघालेत, शिशाची घनता अकराच्या आसपास तर याची अठरा, म्हणून 9 नंबरचा बारीक छर्रासुद्धा आत शिरतो आणि लोक 20 गेज, अगदी .410 अशा लहान तोंडाच्या हलक्या बंदुका घेऊन जायला लागलेत. हलकी बंदूक गुडघ्यावर तासभर स्थिर राहते, हा फायदा कॅमोपेक्षा कितीतरी मोठा. ही काडतुसं महाग आहेत पण, एकेक मोजून मारावं लागतं. नाहीतर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

प्रश्न: सगळे डोक्यापासून पायापर्यंत कॅमोमधे, वर टर्कीचा आवाज काढतायत, मग एक शिकारी दुसऱ्यालाच टर्की समजून गोळी घालणार नाही का? बायको मला जाऊ द्यायला तयार नाही. (एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

वहिनींची भीती बरोबर आहे, असे अपघात झालेत आणि होतात. कॅमो बंदुकीपेक्षा हा प्रश्न मला शंभरपट महत्त्वाचा वाटतो.

वसंतात नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं होतं. म्हणून हे तीन रंग अंगावर कुठेच नकोत. लाल रुमाल नाही, पांढरा बनियन गळ्यातून दिसता कामा नये, निळ्या डब्यातलं सँडविच नाही. आणि पांढरे मोजे! खाली बसलात की पँट वर सरकते आणि घोट्याशी पांढरा पट्टा दिसतो. पहिल्या वर्षी मी तसाच गेलो होतो, बरोबरच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने गाडीतच मोजे काढायला लावले, अनवाणी पायात बूट घालून बसलो सकाळभर, पायाला फोड आले.

दुसऱ्या टर्कीचा आवाज आला की त्या दिशेने दबकत जायचं नाही. तुमच्या राज्यात तर वसंतात दबा धरत पाठलाग करायलाच बंदी आहे, फक्त एका जागी बसून आवाज काढून बोलवायचं. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज तर अजिबात काढू नका, सरळ मोठ्याने माणसाच्या भाषेत ओरडा. सकाळ वाया जाईल, जाऊ दे. पक्षी मारल्यावर पाठीवर टाकून नेताना भगव्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर झाडीतून टर्कीच चाललीय असं दिसतं. भगवं फडकं असंही कायम बॅगेत असू द्या, जागा बदलताना टोपीवर बांधा, बसल्यावर काढा.

प्रश्न: मी एच-वन-बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे. बंदूक घेता येते का? मित्राची वापरली तर चालेल का? (एक वाचक, टेक्सास)

हे नीट वाचा कारण यात लोक हलगर्जीपणा करतात. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे, विकत घेणं सोडाच, मित्राची हातात घेतली तरी ते बाळगणंच. यातून सूट मिळायचा नेहमीचा रस्ता म्हणजे एखाद्या राज्याने दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम असा, आधी कोर्स, मग लायसन्स, मग बंदुकीला हात. लायसन्स संपलं त्या दिवशी सूटही संपली, बंदूक कपाटात असली तरी. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमचं कामच व्हिसावर अवलंबून आहे तेव्हा दोनशे डॉलर देऊन वकिलाला एकदा विचारा, मला नको.

प्रश्न: आमच्या शेतावर दहा-बारा टर्की आहेत. त्या तर माणूस दिसला की पळत येतात, पायात पायात करतात. हा एवढा बावळट पक्षी मारायला लोक झाडाचे कपडे घालून का बसतात, हसू येतं. (एक वाचक, फलटण)

हसा, पण तुमची आणि इथली ही एकाच घराण्यातली असली तरी एक पिंजऱ्यातली आणि एक रानातली. पाळीव टर्की मेक्सिकोतल्या रानटीपासून आली, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेली. जड पाळीव जातींना धड उडताही येत नाही, रानटी मात्र रात्री उंच झाडावर झोपते आणि पहाटे उतरते. तिला कोल्हे, रानमांजरं, घुबडं, माणसं, सगळेच खायला टपलेले, जी बावळट होती ती कधीच संपली. माणसानेही एवढ्या मारल्या होत्या की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यात दिसेनाशा झाल्या. मग 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला आणि त्या पैशातून पक्षी धरून नवीन जागी सोडले. मिसुरीत आधुनिक काळातला पहिला वसंतातला सीझन 1960 ला झाला, आज देशभर लाखो आहेत.

आपल्याकडे टर्की आली ती गोव्याच्या वाटेने. 1612 मधे जहांगीर बादशहाच्या मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याहून जी नवलाची जनावरं आणली त्यात हा नर होता, बादशहाने दरबारी चित्रकार मन्सूरकडून चित्र काढून घेतलं आणि त्याचं डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी निळं कसं होतं हेही लिहून ठेवलं. वर पांढऱ्या मोज्यांची गोष्ट सांगितली ना, तेच रंग.

आणि हो, तुमच्या टर्कींना कॅमो घालून फसवता येईल का असं तुम्ही शेवटी विचारलंय. करून बघा, पण हातात दाण्याचा डबा असेल तर त्या डब्याला ओळखतील, तुम्हाला नाही.