चादरीवरचे डाग आणि गोवा पावडर

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या मिस्टरांना कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिस आहे, आठ-नऊ वर्षं झाली. स्किनच्या डॉक्टरांनी डिथ्रॅनॉलचं मलम दिलंय, रात्री लावून झोपतात, पण जाम जळजळतं आणि दोन चादरी तपकिरी-जांभळ्या होऊन बसल्यात, धुऊनही जात नाही. सासूबाई म्हणतात हे केमिकल बंद करा, बावचीचं तेल लावून उन्हात बसा, झाडपाल्याने अपाय होत नाही. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, गंमत बघा, ज्याला तुम्ही केमिकल म्हणताय त्याचं मूळ झाडातच आहे. ब्राझीलच्या बाहिया भागात अरारोबा नावाचं झाड आहे, त्याच्या खोडाच्या भेगांमध्ये पिवळी भुकटी साठते, पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात आली आणि इकडे गोवा पावडर म्हणूनच खपायला लागली, गजकर्णावर चोळायला. (आपल्याकडे नायट्याला टाकळ्याचं बी वाटून लावतात ना, त्यातली द्रव्यंही ह्याच खानदानातली.) पुढे 1876 मध्ये लंडनच्या बाल्मानो स्क्वायर ह्या डॉक्टरांनी सांगितलं की ही पावडर सोरायसिसवर चालते. मग पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा 1916 मध्ये तिकडे त्याच धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार केलं. म्हणजे तुमच्या चादरीवर जे डाग आहेत ते गोवा पावडरच्या नातवाचे!

आता बावची. तीही काही साधी नाही हो. तिच्यात सोरालेन असतं, ते कातडीवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, ते पण लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, तोवर माणूस आणखी दोनदा उन्हात बसून आलेला असतो. ह्याच गुणाचा उपयोग करून सोरायसिसवर पुवा नावाची ट्रीटमेंट देतात पण तिथे औषध मोजून आणि मशीनचे किरणही मोजून, चिपळूणच्या उन्हाला कुठलं आलंय माप? बावची पोटात घेतल्याने लिव्हर बिघडल्याच्या केसेसही आहेत, त्यामुळे काढा वगैरे तर नकोच.

मला वाटतं खरी चूक रात्रभर ठेवण्यात होतेय. डॉक्टरांना विचारून बघा, हे मलम बऱ्याचदा 10 ते 30 मिनिटंच ठेवून धुवायचं असतं, कमी पॉवरपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. फक्त चट्ट्यावर लावा, कडेच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, हातात ग्लोव्हज, आणि चेहरा, काखा, जांघा इथे अजिबात नाही. कातडीवरचा रंग मलम थांबवल्यावर एक-दोन आठवड्यांत जातो, पण कातडी लालबुंद झाली किंवा फोड आले तर लावणं थांबवून दाखवून या. चादरींचं म्हणाल तर तो डाग निघत नाही, त्या दोन आता मलमाच्याच म्हणून बाजूला ठेवा.